डोळ्यांखालची खोलवट: उपचार निवडण्याआधी काय पाहावे आणि कसे ठरवावे

डोळ्यांखालचा खड्डा, काळेपणा, सूज आणि सैल पडलेली कातडी या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत, पण आपण चारही गोष्टींना ‘डोळे खोल गेले’ असे एकच नाव देतो. घोटाळा तिथूनच सुरू होतो. खड्ड्यावर चालणारा उपाय सुजेवर केला तर चेहरा बिघडतो, आणि काळेपणावरचे मलम कितीही चोळले तरी खड्डा भरत नाही. एका मोठ्या रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात मी परिचारिका म्हणून बरीच वर्षे काढली. आता वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात गावी राहते, आणि इथेही ओसरीवर हाच प्रश्न येतो.

गेल्या मार्चमध्ये कापसाचा शेवटचा वेचा आटोपल्यावर शेजारची एक बाई आली. वय अठ्ठेचाळीस, मेमध्ये मुलीचे लग्न. म्हणाली, “सिस्टरबाई, पोरीच्या लग्नाच्या फोटोत म्हातारी दिसीन जी मी; डोयाखाली पाहा ना कसे खड्डे पडले.” पदराच्या गाठीतून तिने एक अर्धी पिळलेली ट्यूब काढली आणि नागपूरला इंजेक्शन घेऊन यावे का, असे विचारले. तिला मी जे टप्प्याटप्प्याने सांगितले, तेच इथे जरा विस्ताराने लिहिते आहे.

खड्डा पडतो म्हणजे काय होते

पापणीची कातडी अंगावरच्या सगळ्या कातडीत पातळ असते, जेमतेम अर्धा मिलिमीटर. तिच्याखाली डोळा गोल मिटणारा स्नायू असतो आणि त्याच्यामागे डोळ्याला गादीसारखी आधार देणारी चरबी असते. वय वाढते तशी गालाची चरबी विरळ होते व खाली उतरते, गालाच्या वरचे हाड हळूहळू झिजते, आणि कातडीतला तन्यपणा कमी होतो. पापणी आणि गाल यांच्या सीमेवर कातडीला हाडाशी बांधून ठेवणारा एक पक्का धागा असतो. तो जागचा हलत नाही. भोवतालचे सगळे खाली गेले आणि धागा मात्र तिथेच राहिला की नाकाच्या बाजूच्या कोपऱ्यापासून गालाकडे तिरपी घळ पडते. ढेकळाची जमीन पावसात बसते आणि बांध मात्र वर उभा राहतो, तसेच हे आहे. काहींना ही घळ विशीतच असते, कारण त्यांच्या गालाच्या हाडाची घडणच तशी असते. आईला, मावशीला तशीच घळ असेल तर ते घराण्यातून आलेले आहे असे समजावे.

पहिला टप्पा: आरसा घेऊन अंगणात बसा

सकाळी उठून तासभर झाल्यावर, चेहरा धुऊन, काजळ न लावता, अंगणात सावलीच्या जागी बसावे. ट्यूबलाइटखाली किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्यात पाहू नये, कारण छतावरून पडणारा उजेड प्रत्येकाच्याच डोळ्यांखाली सावली पाडतो. आरसा समोर धरून नीट पाहावे, मग आरसा डोक्याच्या वर धरून मान मागे टाकून पाहावे. उजेड थेट खड्ड्यात पडल्यावर काळेपणा जवळजवळ नाहीसा झाला, तर तो रंग नव्हताच. ती खड्ड्याची सावली होती. काळेपणा जसाच्या तसा राहिला, तर तो कातडीचा रंग आहे.

त्यानंतर डोळ्याच्या बाहेरच्या बाजूने बोटाने कातडी हलकेच ताणावी. तपकिरी रंग कातडीबरोबर सरकला आणि तेवढाच गडद राहिला, तर ते रंगद्रव्य आहे. ताणल्यावर निळसर-जांभळी झाक अधिक दिसू लागली, तर पातळ कातडीतून खालच्या रक्तवाहिन्या दिसत आहेत. शेवटी खालची पापणी चिमटीत धरून किंचित पुढे ओढावी आणि सोडावी. ती झटकन जागेवर बसली पाहिजे. रेंगाळत बसली, तर पापणी सैल झालेली आहे, आणि पुढे शस्त्रक्रियेचा विचार करताना ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

एवढे पाहूनही एक प्रश्न उरतो तो सुजेचा. पहाटे डोळे फुगलेले आणि दुपारपर्यंत बसलेले असे होत असेल, तर आत पाणी साठते आहे. दिवसभर सारखाच फुगवटा असेल आणि वर पाहिल्यावर तो आणखी पुढे येत असेल, तर ती पुढे सरकलेली चरबी आहे, जिला आपण डोळ्यांखालच्या पिशव्या म्हणतो. बहुतेक लोकांत यातल्या दोन-तीन गोष्टी एकत्र असतात. कोणती किती आहे हे आपल्यापुरते तरी ठरवून ठेवले, की डॉक्टरांसमोर नेमके बोलता येते.

दुसरा टप्पा: रक्त, लघवी आणि चष्मा

या टप्प्यावर मी सगळ्यात जास्त हट्ट धरते. आपल्या भागात डोळ्यांखाली निळसर झाक घेऊन येणाऱ्या बाईचे पहिले औषध चेहऱ्यावर लावण्याचे नसते. गरोदर नसलेल्या बाईचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या आणि पुरुषाचे १३ ग्रॅमच्या खाली असेल तर तो रक्तक्षय होय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. रक्त कमी असले की कातडी फिकी पडते आणि तिच्याखालच्या निळ्या वाहिन्या उठून दिसतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी होते. मात्र गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, मेळघाट आणि एकूणच विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराचे प्रमाण मोठे असल्याने त्याचीही तपासणी त्याच वेळी करून घ्यावी, कारण सिकलसेलच्या रुग्णाने शरीरात लोह खरोखरच कमी आहे का हे पाहिल्याशिवाय लोहाच्या गोळ्या आपल्या मनाने सुरू करू नयेत. लोहाची गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर ती चहाबरोबर घेऊ नये. लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घेतल्यास लोह चांगले शोषले जाते.

सकाळी डोळ्यांभोवती सूज, संध्याकाळी पावलांवर सूज आणि लघवीला फेस अशी तिन्ही लक्षणे असतील, तर मूत्रपिंडाची तपासणी त्याच आठवड्यात करावी. चेहरा फुगलेला, थंडी सोसत नाही आणि वजन वाढते आहे असे असेल तर थायरॉइड तपासावे. डोळे बाहेर आल्यासारखे वाटत असतील आणि छातीत धडधड होत असेल तरीही थायरॉइडच तपासावे. पापणीवर नाकाच्या बाजूला पिवळट चट्टे आले असतील, तर रक्तातील चरबी पाहावी. थोड्या दिवसांत खूप वजन उतरल्यामुळे खड्डे पडले असतील, तर आधी वजन का उतरले ते शोधावे. मधुमेह आणि क्षयरोग दोन्ही आपल्याकडे नवे नाहीत.

कापसाच्या धुळीने किंवा तुरीच्या मळणीच्या कुटाराने डोळे खाजतात, आणि खाजवता खाजवता कातडी काळी व जाड होते. अशा वेळी खाज थांबवणारे थेंब डॉक्टरांकडून घेणे हाच काळेपणावरचा उपचार ठरतो. चाळिशी लागूनही चष्मा न घेता डोळे बारीक करून सुईत दोरा ओवणाऱ्या बाईच्या डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या लवकर पडतात. चष्म्याला बोटॉक्सच्या इंजेक्शनाच्या मानाने काहीच पैसे लागत नाहीत, आणि दिसायला लागते ते वेगळेच.

ती ट्यूब

शेजारणीच्या हातातली ट्यूब आठ महिन्यांपासून चालू होती. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली. उलटून पाहिले तर त्यावर मोमेटासोन, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन अशी तीन नावे होती. यातले पहिले स्टेरॉइड आहे. चेहऱ्यावरच्या वांगासाठी त्वचारोगतज्ज्ञ हे मिश्रण मोजक्या आठवड्यांसाठी देतात, पण पापणीच्या अर्ध्या मिलिमीटर कातडीवर ते महिनोन्महिने चोळले, की कातडी आणखी पातळ होते, लाल वाहिन्या दिसू लागतात, आणि स्टेरॉइड डोळ्यात झिरपून काचबिंदू किंवा मोतीबिंदू होण्याचा धोका असतो. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन किंवा फ्लुओसिनोलोन यांतले कोणत्याही स्टेरॉइडचे नाव असेल, तर ती डोळ्यांजवळ लावू नये. आणि बरेच दिवस लावत आला असाल, तर एकदम बंद केल्यावर आग होते व लाली येते, म्हणून ती डॉक्टरांच्या सल्ल्याने उतरवावी. बाजारात विना-नावाच्या, घटक न छापलेल्या गोरेपणाच्या डब्या मिळतात, त्यांत पारा असू शकतो आणि पाऱ्याने मूत्रपिंडे खराब होतात. तशी डबी घरात असेल तर कुणालाही देऊ नका, फेकून द्या.

तिसरा टप्पा: ऊन आणि घरची निगा

मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो. शेतावर जाणाऱ्याच्या कातडीचे वय उन्हाच्या अतिनील किरणांमुळेच अधिक वाढते, आणि हे किरण हिवाळ्यात, ढगाळ दिवशीही पोचतात. डोक्याला दुपट्टा बांधला तरी डोळ्यांचा पट्टा उघडाच राहतो. म्हणून रुंद काठाची टोपी आणि अतिनील किरण अडवणारा, कडेने झाकणारा गॉगल या दोन वस्तू क्रीमच्या आधी घ्याव्यात. सनस्क्रीन घेताना एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त आणि झिंक ऑक्साइड असलेले घ्यावे, कारण ते डोळ्यांना कमी झोंबते. रंगद्रव्याचा त्रास असेल तर आयर्न ऑक्साइड असलेले रंगीत सनस्क्रीन अधिक उपयोगी, ते दृश्य प्रकाशही अडवते. घाम पुसला की सनस्क्रीनही पुसले जाते, तेव्हा दुपारच्या भाकरीच्या वेळी ते पुन्हा लावावे.

रात्रीसाठी साधे, वास नसलेले मॉइश्चरायझर पुरते. कमी तीव्रतेचे रेटिनॉल, म्हणजे ‘अ’ जीवनसत्त्वाचे एक रूप, बारीक सुरकुत्यांवर खरोखर काम करते, पण त्याला तीन ते सहा महिने लागतात. ते आठवड्यातून दोन रात्री, मुगाच्या दाण्याएवढे, पापणीच्या काठापासून दूर, हाडाच्या कडेवर लावून सुरू करावे. गरोदरपणात किंवा गर्भधारणेचा विचार असताना ते लावू नये. कॅफिनच्या क्रीमने सूज काही तास उतरते, एवढेच. लिंबू, बेकिंग सोडा किंवा टूथपेस्ट डोळ्यांखाली लावून भाजलेली कातडी मी इतकी पाहिली आहे की त्याविषयी हात जोडून सांगते, लावू नका. सावळ्या कातडीला कुठलीही जळजळ झाली की तिथे काळा डाग उरतो.

चौथा टप्पा: दवाखान्यातले उपचार

रंगद्रव्य असेल तर सौम्य केमिकल पील (औषधी आम्लाने कातडीचा वरचा थर उतरवणे) किंवा रंगद्रव्य फोडणाऱ्या क्यू-स्विच्ड एनडी-याग लेसरच्या काही बैठका उपयोगी पडतात. कातडी भाजून नवी आणणारे लेसर आपल्या वर्णाला जपून द्यावे लागतात. डॉक्टरांनी सावळ्या कातडीवर ते किती वेळा वापरले आहे, हे विचारावे. पीआरपीमध्ये स्वतःच्या रक्तातला प्लेटलेटचा भाग वेगळा करून टोचतात. त्याने कातडीचा पोत थोडा सुधारतो. खड्डा भरण्याची अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नये.

बोटॉक्स खड्डा भरत नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. ते स्नायू सैल करते, म्हणून हसताना डोळ्यांच्या कडेला पडणाऱ्या रेषांसाठी ते आहे. परिणाम तीन ते पाच दिवसांनी दिसू लागतो, दोन आठवड्यांत पूर्ण होतो आणि तीन-चार महिने टिकतो. गरोदर व स्तनदा माता, तसेच मायस्थेनिया ग्रॅव्हिस या स्नायू दुबळे करणाऱ्या आजाराचे रुग्ण यांनी ते घेऊ नये.

खऱ्या खड्ड्यासाठी आहे ते फिलर, म्हणजे हायलुरोनिक ॲसिडचे जेल. हा पदार्थ आपल्या कातडीत मुळातच असतो. खड्डा खोल आहे, कातडी बरी जाड आहे, पिशव्या नाहीत आणि सकाळी सूज येत नाही, अशा माणसाला तो शोभतो. पहाटे डोळे फुगणाऱ्याला मात्र फिलर देऊ नये, कारण हे जेल पाणी धरून ठेवते आणि फुगवटा महिनोन्महिने उतरत नाही. जेल फार वर, पातळ कातडीखाली बसले तर तिथे निळसर पट्टा दिसतो. चांगला डॉक्टर पहिल्या वेळी कमीच भरतो, एका बाजूला सहसा अर्धा मिलिलिटर किंवा त्याहूनही कमी, आणि दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा पाहतो. परिणाम साधारण नऊ महिने ते दीड वर्ष टिकतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने खास या खड्ड्यासाठी पहिले फिलर २०२२ मध्ये मान्य केले. त्याआधीही डॉक्टर ते इथे वापरत होते, पण त्यासाठी वेगळी मान्यता नव्हती. सिलिकॉनसारखे कायमचे फिलर डोळ्यांखाली घेऊ नये, कारण बिघडले तर ते विरघळवता येत नाही. हायलुरोनिक ॲसिड हायलुरोनिडेज या औषधाने विरघळते.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला घेतला ती सांगते. जेल चुकून रक्तवाहिनीत गेले तर पुढचा रक्तपुरवठा तुटतो. हे क्वचित घडते, पण डोळ्याभोवतीच्या वाहिन्या डोळ्याच्या आतल्या वाहिन्यांना जोडलेल्या असल्याने दृष्टी जाऊ शकते. तेव्हा हाती काही मिनिटे, फार तर तास-दीड तास असतो. आर्वीहून नागपूरला एसटीने अडीच-तीन तास लागतात. धारणीहून घाट उतरून अमरावती गाठायला किंवा भामरागडहून गडचिरोलीला यायला किती लागतात हे तिथल्या माणसांना सांगायला नको. म्हणून खेड्यातल्या माणसाने उपचाराचा हिशेब करताना अंतरही त्यात धरावे. इंजेक्शन घेतल्यावर निदान एक रात्र, जमल्यास दोन, त्याच शहरात नातेवाइकाकडे मुक्काम करावा आणि परतीचे तिकीट त्या दिवशीचे काढू नये. आठवडी बाजाराच्या गावी महिन्यातून एकदा येऊन ब्युटी पार्लरच्या मागच्या खोलीत फिलर देणारा माणूस स्वस्त पडतो, पण रात्री दहा वाजता डोळ्यासमोर अंधारी आली तर तो कुठे असेल, हे आधी स्वतःला विचारावे.

धोक्याची लक्षणे घरातल्या दुसऱ्या माणसालाही पाठ करायला लावावीत: टोचताना किंवा नंतर एकदम तीव्र वेदना, कातडी पांढरी पडणे किंवा जाळीसारखे जांभळे ठिपके उठणे, धूसर दिसणे, एका डोळ्याने दिसेनासे होणे, पापणी पडणे. यातले काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता ज्याने टोचले त्याला फोन करावा आणि त्याच वेळी नेत्रतज्ज्ञ असलेल्या मोठ्या रुग्णालयाच्या वाटेला लागावे. निव्वळ काळेनिळे होणे आणि थोडी सूज मात्र नेहमीची आहे. ती आठवडा-दोन आठवड्यांत उतरते.

पिशव्या आणि सैल कातडी असेल तर इंजेक्शनांवर पैसे घालवण्यापेक्षा खालच्या पापणीची शस्त्रक्रिया सरळ पडते. तिला ब्लेफरोप्लास्टी म्हणतात. पापणीच्या आतून किंवा पापणीच्या केसांच्या अगदी खालून छेद घेऊन पुढे आलेली चरबी काढतात, किंवा तीच चरबी सरकवून खड्ड्यात बसवतात. बाहेरून टाके असतील तर ते पाच ते सात दिवसांत काढतात, काळेनिळेपणा दोन आठवडे राहतो, आणि परिणाम अनेक वर्षे टिकतो. पापणी बाहेर वळणे, डोळा कोरडा पडणे हे त्यातले धोके आहेत. चिमटीची परीक्षा ज्यासाठी सांगितली ते हेच. पोटाची किंवा मांडीची चरबी काढून खड्ड्यात भरण्याची पद्धतही आहे, पण त्यातला काही भाग शरीर शोषून घेते आणि गाठ राहिली तर विरघळवण्याचे औषध नाही.

पाचवा टप्पा: कुठे जावे, काय विचारावे

सल्ल्यासाठी आधी सरकारी किंवा विश्वस्त संस्थेच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात जावे. नागपूरचे मेडिकल आणि मेयो, मिहानमधले एम्स, सेवाग्राम, सावंगी, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर इथे केसपेपर काढून तज्ज्ञ पाहतात. तिथे सौंदर्यासाठीचा प्रत्येक उपचार मिळेलच असे नाही, पण निदान मिळते, आणि निदान हाती असले की खासगी दवाखान्यात कुणी नको ते गळ्यात मारू शकत नाही. फिलर आणि बोटॉक्स त्वचारोगतज्ज्ञ, प्लास्टिक सर्जन किंवा पापण्यांचे विशेष शिक्षण घेतलेला नेत्रतज्ज्ञ यांच्याकडूनच घ्यावे. त्यांचा नोंदणी क्रमांक महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर पाहता येतो.

तिथे गेल्यावर संकोच न करता विचारावे: हायलुरोनिडेज आत्ता इथे ठेवलेले आहे का? डोळ्यांखाली तुम्ही किती काळापासून देता? रात्री कोणता फोन उचलला जातो? सिरिंज माझ्यासमोर उघडणार का? पाकिटावरच्या स्टिकरवर फिलरचे नाव, बॅच आणि मुदत असते. तो स्टिकर केसपेपरवर चिकटवून घ्यावा, कारण पुढे दुसऱ्या डॉक्टरांना काय टोचले आहे हे कळणे फार गरजेचे असते. एका चांगल्या फिलरच्या सिरिंजला साधारण वीस हजार रुपयांच्या पुढेच खर्च येतो, आणि सौंदर्योपचार सहसा आरोग्य विम्यात बसत नाहीत. सोयाबीनच्या पैशावर उधारी ठेवून हे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. या उपचारात उशीर झाल्याने काही बिघडत नाही.

लग्नकार्य असेल तर इंजेक्शन किमान चार आठवडे आधी आणि शस्त्रक्रिया दोन-तीन महिने आधी करावी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती डॉक्टरांना सांगावी, पण हृदयासाठी दिलेली गोळी स्वतःहून बंद करू नये. टोचल्यानंतर दोन दिवस चुलीची धग, उन्हातले काम, डोळे चोळणे आणि जड ओझे उचलणे टाळावे. दात किडून सुजला असेल किंवा डोळा आला असेल तर तो बरा होईपर्यंत तारीख पुढे ढकलावी.

शेजारणीचे हिमोग्लोबिन ८.४ निघाले. सिकलसेल नव्हता, लोह कमी होते. ट्यूब त्वचारोगतज्ज्ञांच्या सांगण्याप्रमाणे उतरवली, गोळ्या सुरू झाल्या, चष्मा लागला, आणि मुलीच्या लग्नात डोळ्यांखाली सनस्क्रीन व त्यावर थोडा पिवळसर कन्सीलर लावून ती फोटोत उभी राहिली. निळसर झाक पुष्कळ कमी झाली आहे. खड्डा आहे तिथेच आहे. फिलरचा विचार तिने दिवाळीनंतर कापूस विकला गेल्यावर करायचे ठरवले आहे. तेव्हा नागपूरला भाच्याकडे दोन रात्री राहायचे, हे तिने आत्ताच त्याला कळवून ठेवले आहे.